चालू दे

त्या वर्षी पावसाने असा हात आखडता घेतला, की नदी पात्राच्या मधोमध एखाद्या ओळीसारखी उरली आणि विहिरींचे तळ उघडे पडले. धरणात पाणी नाही म्हणून वीज धड नाही, वीज धड नाही म्हणून मोटारी बंद. मग लोकांनी गोठ्यात, माळ्यावर, अडगळीत टाकून दिलेली जुनी डिझेल इंजिनं बाहेर ओढली. कुणाच्या इंजिनावर कोंबडी अंडी घालत होती, कुणी त्यावर भांडी वाळत घालायचा. ती सगळी बिऱ्हाडं मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडपुढे येऊन पडली. लोकांच्या अडचणीवर हा आपली पोळी भाजून घेतोय असं कुणी म्हणू नये, म्हणून मिस्त्री दिवसभर तोंड पाडूनच काम करायचा. तसं त्याचं तोंड मुळातच पडलेलं होतं, त्यामुळे फार कष्ट पडत नसत.

शेडमध्ये तिघं राबत. दाराशी उजेडात मिस्त्रीची बायको बसे आणि जळलेल्या मोटारींना नवी तांब्याची तार भरी. मधे मिस्त्री. आणि इंजिनाच्या पोटात डोकं घालून, कोपरापर्यंत काळी झालेली, एकोणीस-वीस वर्षांची त्यांची मुलगी. तिला सगळे वायसर म्हणत. चार-पाच वर्षांची असताना ती नटबोल्टांच्या डब्यातले भोकाचे चपटे वायसर दोरीत ओवून गळ्यात घालून बसायची, तेव्हापासूनचं ते नाव. ते नाव तिने कधी ऐकलं मात्र नव्हतं. त्याच्या आधीच, दोन वर्षांची असताना, ताप आला, ताप उतरला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला.

पुढे ती बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेत शिकली, लिहायला-वाचायला लागली आणि हातांनी बोलायची अख्खी भाषा घेऊन घरी आली. आईने ती भाषा रात्रंदिवस मागे लागून शिकून घेतली. मिस्त्रीला मात्र शेडपुरतीच आली. पाना दे. घट्ट कर. सैल कर. तेल. थांब म्हणजे आडवा पंजा. आणि चालू दे म्हणजे मूठ वळून हवेत गोल फिरवायची, हँडल मारल्यासारखी. तेवढ्या शब्दांवर बापलेकीचा कारभार बरा चालला होता. त्यापलीकडचं काही सांगायचं झालं तर तो बायकोकडे बघायचा.

इंजिन सुरू केलं की वायसर त्याच्या अंगावर तळहात टेकवायची आणि डोळे मिटायची. कुठला व्हॉल्व्ह आपटतोय, कुठलं बेअरिंग गेलंय ते तिला हाताला कळायचं. गिऱ्हाइकांना त्याचं मोठं कौतुक. "देवाने एक काढून घेतलं, दुसरं दिलं बघ," असं म्हणत ते तिच्यासमोरच उसासे टाकायचे. वायसरला ओठांवरचं बरंच वाचता यायचं. हे वाक्य तर पाठच झालं होतं. ती काम सोडून त्यांच्याकडे तेलकट पाना पुढे करायची, धरा म्हणून, आणि गिऱ्हाईक कपडे सावरत मागे सरकायचं.

एका दुपारी दोघं बापलेक एका मळ्यातल्या विहिरीतून पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह काढून परत आली. पाणी इतकं खाली गेलं होतं, की पाइपाने चिखलच ओढला होता. वायसर दोर धरून वर, मिस्त्री मांड्यांपर्यंत गाळात. दोघांची कंबर मोडलेली, अंगावर चिखल वाळून त्याच्या खपल्या निघत होत्या. शेडमध्ये येऊन बघतात तर कंपाउंडर स्टुलावर बसून वाट बघत होते.

हे डॉक्टरांच्या दवाखान्यात बाटल्या भरायचे, पण खरा जीव नाटकात. सुगी संपली की दर वर्षी बाजाराच्या पटांगणात नाटक बसवायचेच. या वर्षी सुगीच आली नव्हती, पण कंपाउंडर म्हणाले, "लोकांना हसायला नको का काही? रोज सकाळी उठून आकाशाकडे बघायचं, त्यापेक्षा एक संध्याकाळ स्टेजकडे बघू दे."

त्यांना मिस्त्रीकडून दोन गोष्टी हव्या होत्या. स्टेज उभं करायला तेलाची रिकामी पिंपं, आणि ऐन वेळी वीज गेली तर दिव्यांसाठी इंजिन. मिस्त्री हो म्हणाला. तेवढ्यात वायसरने आईच्या खांद्यावर थाप मारली आणि भराभर हात चालवले.

आई तार भरत राहिली.

"काय म्हणतेय?" कंपाउंडरांनी विचारलं.

"काही नाही."

वायसरने पाय आपटला. तेव्हा आई तारेच्या गुंडाळीकडे बघत म्हणाली, "म्हणतेय, मागच्या वर्षीची तुमची धाकटी सून लग्न होऊन गेली. तिचं काम मला द्या."

धाकटी सून हे नाटकातलं मोठं काम. दोन भाऊ वाटणीत विहिरीवरून भांडतात आणि विहिरीच्या तोंडावर मधोमध भिंत बांधायला निघतात, असं ते नाटक होतं. शेवटी धाकटी सून दोघांना गप्प करते. कंपाउंडर हसले. माणूस वाईट नव्हता, हसणंही वाईट नव्हतं, पण ते मिस्त्रीकडे बघून हसले.

"अहो मिस्त्री, तिला मी विसरलोय होय? तिच्यासाठी मुद्दाम काम घातलंय. मुकी मोलकरीण! दोनदा घागर घेऊन इकडून तिकडे जायचं. बोलायचं नाही, ऐकायचं नाही. काही त्रासच नाही बघा तिला."

मिस्त्रीला वाटलं, चला, झालं. तो म्हणाला, "घागर घेऊन जाईल की. त्यात काय."

वायसर पुढे आली. चिखलाच्या हाताने तिने कंपाउंडरांचं मनगट धरलं आणि त्यांचं तोंड आपल्याकडे वळेपर्यंत सोडलं नाही. मग छातीवर बोट ठेवलं, तेच बोट हनुवटीपाशी नेलं आणि त्यांच्याकडून आपल्याकडे ओढलं.

"म्हणतेय," आई हळू आवाजात म्हणाली, "मला विचारा."

कंपाउंडर मनगटावरचा चिखल बघत राहिले. मग म्हणाले, "बरं बाई, ये तालमीला. तुझं तूच बघ."

ते गेले, रात्री घरी ताटं वाढून झाली. मग मिस्त्रीची बायको उसळली.

"अहो, तुम्ही गप्प का बसलात? नाही म्हणायला काय झालं होतं?"

"ती म्हणतेय ना..."

"ती म्हणेल. शाळेतलं विसरलात?"

मिस्त्री विसरला नव्हता. वसतिगृहात जायच्या आधी वर्षभर वायसर इथल्याच शाळेत होती. वार्षिक कार्यक्रमात तिला फुलांच्या नाचात घेतलं होतं. डोक्यावर कागदाच्या पाकळ्या. बाकीच्या मुलींचं बघून बघून ती छान नाचली. शेवटच्या गिरकीत तिची पाठ इतर मुलींकडे होती. गाणं संपलं, मुली थांबल्या, आणि ही एकटी नाचतच राहिली. सगळं पटांगण खो-खो हसलं. तिला वाटलं, आपलं आवडलं, म्हणून ती आणखी जोरात नाचली. मग वळून बघितलं आणि समजली. त्या रात्री तिने पाकळ्या चुलीत घातल्या. तेव्हा मिस्त्री मागच्या रांगेत बसला होता, आणि पुढे जाऊन तिला उचलून आणायच्या ऐवजी तो जागीच बसून राहिला होता.

"आता ती लहान होती तेव्हाचं..." तो म्हणाला.

"हसणारे तेच आहेत," बायको म्हणाली. "म्हातारे झालेत एवढंच."

वायसर दोघांचे ओठ वाचत होती. तिने ताट सारलं आणि आईला काहीतरी सांगितलं. हात मोठे, चेहरा लाल. आईने ते मिस्त्रीला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. पण एवढं त्याला कळलं, की या वेळी पोरीचं हसं झालं, तर पुन्हा ती या शेडच्या बाहेर चार माणसांत पाऊल टाकणार नाही.

गावच्या गोदामात तालमी होत. यंदा धान्यच नव्हतं, त्यामुळे ते रिकामंच पडलं होतं आणि उंदीरसुद्धा दुसरीकडे स्थलांतरित झाले होते. पहिल्या दिवशी मिस्त्री पिंपं मोजून द्यायला गेला आणि दारात उभा राहिला.

थोरला भाऊ झाला होता सलूनवाला. बोलका, नाचरा, आरशात बघून बघून प्रत्येक भाव पाठ केलेला. सासू झाली होती गिरणीवाली मावशी. आयुष्यभर पिठाच्या गिरणीच्या आवाजावर ओरडून ओरडून तिचा साधा आवाजसुद्धा तीन शेतं ओलांडून जायचा. आणि पडद्यामागे, हातात कागद घेऊन, शिंपी. नट चुकला की मागून हळूच पुढचा शब्द पुरवायचा, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. त्याला न बघता त्याचं ऐकायचं, हा तिथला नियम.

वायसरची वेळ आली. सलूनवाल्याने भांडणाचं वाक्य टाकलं आणि थांबला. पडद्यामागून शिंप्याने तिचा शब्द पुरवला. वायसर उभीच. शिंप्याने पुन्हा पुरवला, जरा मोठ्याने. मावशीने डोळे मोठे केले. सलूनवाल्याने हाताने ये ये केलं, तर ती तिच्या जागेच्या आधीच पुढे आली आणि त्याला धडकली. मागे बसलेल्या दोघातिघांनी फिस्कन हसून घेतलं.

"बघितलंत?" कंपाउंडर मिस्त्रीला म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "मी काय वाईट सांगत होतो का? घागरीचं काम अजून मोकळं आहे."

मिस्त्री पुढे होणार, तेवढ्यात वायसर पडद्याआड शिरली. शिंप्याला बाहीला धरून तिने बाहेर ओढलं, ओढत ओढत स्टेजच्या पुढे आणलं, खाली बसवलं आणि त्याचं तोंड नटांकडे वळवलं. मग स्वतः जागेवर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या हातातल्या कागदाकडे बोट करून हात हलवले. आता सांग.

"इथे?" शिंपी घाबरून म्हणाला. "मी इथे बसलो तर लोक नाटक बघतील की माझं टक्कल?"

यावर मात्र सगळेच हसले, वायसरसुद्धा. हसता हसता मिस्त्रीची नजर त्याने आणलेल्या पिंपांवर गेली. त्याने वायसरकडे बघितलं. ती आधीपासूनच पिंपाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी बापलेकीने छिन्नी-हातोड्याने एक पिंप उभं चिरलं. पत्रा करकरत फाटत होता, ठिणग्या उडत होत्या, मिस्त्रीच्या अंगठ्याची साल निघाली. कडा ठोकून ठोकून आत वळवल्या, म्हणजे कुणाला लागू नये. अर्धं पिंप स्टेजच्या पुढच्या कडेला उभं ठेवलं, पाठ लोकांकडे, पोकळी नटांकडे. आत छोटा बाक. शिंप्याने आत बसून बघितलं, मग घरी जाऊन स्वतःच्या हाताने कापडाची गादी शिवून आणली. "बसायचंच आहे तर मापाने बसू," म्हणाला. लोकांना नुसतं काळं पिंप दिसायचं. नटांना दिसायचा पिंपातला शिंपी.

पण नुसतं दिसून काय उपयोग? तो पुटपुटणार, आणि मिशीखालचं पुटपुटणं वायसरला वाचता येणार नाही. मिशी काढ म्हटलं तर शिंपी नाटक सोडायला निघाला. मग हात शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वायसर शिकवायला बसली आणि आई मधे बसून सांगू लागली, कारण एकदा मुलगी उतरलीच आहे म्हटल्यावर तिला एकटी सोडेल ती आई कसली.

शिंप्याची बोटं सुईवर तयार झालेली, तो सगळ्यांत आधी शिकला. सलूनवाल्याचं प्रत्येक वाक्य कुणाची तरी हजामत केल्यासारखं दिसायचं. गिरणीवाल्या मावशीचे हातसुद्धा ओरडायचे. जवळ बसलेल्या माणसाने डोकं सांभाळावं लागे. आणि एकदा शिंपी हातांनी सांगायला लागल्यावर सगळ्यांनाच हातांनी सांगू लागला. कंपाउंडरांच्या लक्षात आलं, की पूर्वी पडद्यामागचा आवाज न ऐकू आल्यामुळे जो गोंधळ व्हायचा, तो झालाच नाही. त्यांनी हे कबूल केलं नाही, फक्त एक चहा जास्त मागवला.

वायसरची वाक्यं लोकांना कशी कळणार, हा प्रश्न मावशीने न ठरवता सोडवला. वायसर हातांनी काही म्हणाली, की मावशीला राहवायचंच नाही. "काय? काय म्हणालीस? दोर माझा? बादली माझी?" असं ती सासूच्या तोऱ्यात, कमरेवर हात ठेवून उलट विचारायची. तालमीत लोक पोट धरधरून हसायला लागले. "तेच!" कंपाउंडर ओरडले. "तेच ठेवा मावशी, तेच ठेवा!"

राहिलं शेवटचं भाषण. कंपाउंडरांनी ते स्वतः लिहिलं होतं, चांगलं दीड पान, शेजारधर्मावर. वायसरने ते वाचलं, पेन्सिल घेतली आणि वरपासून खालपर्यंत रेघ मारली. खाली लिहिलं, "पाणी मी काढते. मला विचारा." कंपाउंडरांना आपलं बोट कापल्यासारखं वाटलं. दोन दिवस ते फुगून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं, तसं करून बघू." करून बघितल्यावर त्यांनी दीड पान घडी घालून खिशात ठेवलं.

पिंप चिरून दिल्यानंतर मिस्त्रीने यातलं काहीच बघितलं नाही. दिवसभर इंजिनं त्याला सोडत नव्हती. संध्याकाळी वायसर तालमीला गेली, की तिच्या वाटचं कामही त्याच्याच अंगावर. कधी बायको सांगू लागली, तर तो म्हणायचा, "बघू, दिसेल तेव्हा दिसेल." खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती.

नाटकाच्या दिवशी उन्हं कलायला लागल्यापासून पटांगण भरायला लागलं. पिकांनी निराश केलेली माणसं एरवीपेक्षा जास्तच आली. घरात बसून करणार काय? वीज होती. माइक होता. तरी मिस्त्रीने आपलं जुनं इंजिन जनरेटरला पट्ट्याने जोडून तयार ठेवलं. ते लांब ठेवायचं ठरलं होतं, पण वायर पुरली नाही, म्हणून स्टेजच्या डाव्या अंगाला, बाजूच्या पडद्याला लागूनच ते आलं. पडदा थोडा सरकवला की मिस्त्रीला तिथून स्टेज दिसे, आणि स्टेजवरून तो.

पहिला अंक चांगला झाला. दोन भावांचं भांडण लोकांच्या अगदी घरातलं. आमच्या विहिरीचंच नाटक केलंय, असं तीन वेगवेगळ्या कुटुंबांनी आपापल्या जागी म्हणून घेतलं. वायसर आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर मिस्त्रीची बहिरी!" आणि एक कुजबुज मागपर्यंत गेली. तिने हातांनी पहिलं वाक्य टाकलं, मावशी कमरेवर हात ठेवून उखडली आणि पटांगण हसलं. मिस्त्रीने पडदा गच्च धरला. मग त्याच्या लक्षात आलं, की लोक सासूला हसतायत.

दुसऱ्या अंकात वीज गेली. मिस्त्रीने हँडल मारलं, इंजिन धडधडलं, दिवे आले, टाळ्या पडल्या. पण जुन्या जनरेटरचा दाब खाली-वर होत होता. माइक कुत्र्यासारखा विव्हळायला लागला, म्हणून तो बंद केला. लोक पुढे सरकून बसले आणि नटांनी आवाज चढवला. कसंबसं भागत होतं.

तिसरा अंक अर्ध्यावर आला आणि इंजिनाच्या सायलेन्सरचं तोंड फाटलं.

एक स्फोट झाला, धूर निघाला आणि इंजिन उघड्या गळ्याने भुंकायला लागलं. सलूनवाल्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द नाही. मावशीने छाती फुगवून आपला ठेवणीतला आवाज काढला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला ऐकू गेला नाही. पुढची माणसं कानांवर हात ठेवून मागे वळली. पोरांनी शिट्या मारल्या. मागच्या रांगेतले दोघेतिघे उठले, आणि एकदा उठायला लागलं की माणसं कशी उठतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मिस्त्री इंजिनावर वाकला. पाइप तापून लाल झालेला, तो निवल्याशिवाय हात लावता येणार नाही. इंजिन बंद करावं तर अंधार. चालू ठेवावं तर हे. त्याला एकच दिसत होतं: पोरीचं शेवटचं वाक्य अजून व्हायचंय, आणि ते माझ्याच इंजिनाने खाल्लं. निदान अंधारात आवाज तरी पोचेल. त्याने डिझेल बंद करायच्या खटक्यावर हात ठेवला, आणि मग त्याला सुचलं, अंधारात सगळ्यांचा आवाज पोचेल. तिचे हात?

त्याने वर बघितलं.

सायलेन्सर गेल्याचं वायसरला पायांखालच्या फळ्यांनी केव्हाच सांगितलं होतं. ती स्टेजच्या मधोमध उभी राहून बाजूच्या पडद्यातल्या फटीकडे बघत होती. बापाकडे. त्याच्या खटक्यावरच्या हाताकडे. मग तिने मूठ वळली आणि गोल फिरवली. शेडमध्ये फिरवायची तशीच, जरासुद्धा घाई न करता.

चालू दे.

मिस्त्रीने हात काढला.

वायसर वळली. सलूनवाला अजून ओरडत होता. तिने त्याच्या ओठांपुढे पंजा आडवा धरला. थांब. मग त्याचे दोन्ही हात धरून वर उचलले आणि सोडून दिले. सलूनवाला क्षणभर बघत राहिला. आणि त्याला उमगलेलं मिस्त्रीला पडद्याच्या फटीतूनही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. सलूनवाल्याने तोंड मिटलं. हातांनी विहीर काढली, गोल, खोल. हातांनी तिच्यावर वीट ठेवली, विटेवर वीट. धाकट्या भावाकडे बोट केलं, थुंकला, आणि आणखी एक वीट.

पिंपातला शिंपी बाकावर उभा राहिला. आता लोकांना त्याचं टक्कल दिसलं तर दिसलं. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर गेले आणि बावीस वर्षं कुजबुजत आलेला माणूस असा काही सांगायला लागला, की सगळे नट त्याच्याकडून घेत पुढे निघाले. मावशीने कमरेवरचे हात काढून वायसरचं वाक्य हातांनीच उलट विचारलं, एवढं मोठं, की पहिल्या रांगेने डोकी वाचवायला मान खाली घातली. लोक हसले. हसणं ऐकू आलं नाही, पण खांदे हलताना दिसले. उठलेले तसेच उभे राहिले. मग मागच्यांनी त्यांना ओढून खाली बसवलं, दिसत नाही म्हणून.

भावाभावांचं भांडण यापूर्वी इतकं स्पष्ट कुणी बघितलं नव्हतं. भिंत वर चढत गेली. दोघे भाऊ तिच्या दोन बाजूंना टाचा उंचावून एकमेकांना हातांनी शिव्या घालू लागले, आणि त्यातली एकही कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

मग वायसर विहिरीपाशी आली. तिने रिकाम्या हातांनी दोर सोडला. सोडत राहिली, कारण पाणी खाली गेलं होतं. दोर संपेना. पटांगणातल्या बायका पुढे झुकल्या, त्यांना तो दोर ठाऊक होता. मग तिने ओढायला सुरुवात केली. पाय रोवले, कंबर मागे टाकली, मनगटाला पीळ दिला. मिस्त्रीला ते ओझं ओळखू आलं. चिखलाने भरलेला फूटव्हॉल्व्ह वर घेताना ती असंच ओढते. आपण रोज खाली गाळात असतो, वरून ही कशी दिसते ते आपण कधी बघितलंच नाही, असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले. धुरानेही असतील, पण धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

बादली वर आली. तिने ती दोन्ही भावांच्या मधे ठेवली, आणि दोघांकडे बघितलं. त्यांच्या विटा त्यांच्या हातांत राहिल्या. तिने दोर धरल्यासारखे दोन हात दाखवले. छातीवर बोट ठेवलं. तेच बोट हनुवटीपाशी नेलं, भावांकडे केलं, मग पुढे येऊन सगळ्या पटांगणाकडे केलं, आणि तिथून आपल्याकडे ओढून घेतलं.

बायकोने सांगितलं नाही, कुणीच सांगितलं नाही. मिस्त्रीला कळलं. पाणी मी काढते. मला विचारा.

मावशीने हे उलट विचारायचं होतं. तिने हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

पडदा सरकला नाही, कारण पडदा ओढणारा बघत उभा होता. नाटक संपलं होतं. काम संपलं की इंजिन बंद, ही मिस्त्रीची तीस वर्षांची सवय. विचार न करता त्याने खटका ओढला. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. दिवे गेले.

आणि त्या काळोखात त्याला टाळ्या ऐकू आल्या. पटांगणभर टाळ्या, शिट्या, खुर्च्यांच्या पाठी बडवल्याचे आवाज, कुणी नुसतंच ओरडत होतं. एवढा गजर त्याने त्या पटांगणात कधी ऐकला नव्हता. तो ऐकत राहिला. आणि मग एकदम त्याच्या डोक्यात लख्ख पडलं, की हे सगळ्या गावाला ऐकू येतंय, फक्त जिच्यासाठी आहे तिला नाही. आणि तिला दिसत होतं तेवढंही आपणच बंद करून ठेवलंय. पोरगी तिथे काळोखात उभी असेल. पाठीमागे काय चाललंय ते न कळता पोरगी एकदा या पटांगणात उभी राहिली होती.

त्याने चाचपडत हँडल शोधलं. हाताला चटका बसला. अंगातला सदरा काढून हँडलाला गुंडाळला आणि मारलं. घसरलं. "अरे चल!" तो इंजिनाला म्हणाला. "चल माझ्या बाबा!" पुन्हा मारलं, सगळं अंग घालून. इंजिन शिंकलं, हादरलं आणि उघड्या गळ्याने पुन्हा भुंकायला लागलं.

दिवे आधी लालसर झाले, मग पिवळे, मग उजेड पडला.

वायसर होती तिथेच उभी होती, दोन्ही मुठी आवळून. तिने समोर बघितलं. अख्खं पटांगण उभं होतं. म्हातारे काठ्या सोडून टाळ्या वाजवत होते. शेडमध्ये उसासे टाकणारं एक गिऱ्हाईक डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होतं. तिची आई खुर्चीवर चढली होती, चेहरा ओला, हात थांबत नव्हते. इंजिनाच्या आवाजात कुणाचीच टाळी कुणालाच ऐकू येत नव्हती. सगळे तिच्यासारखंच बघत होते, आणि कुणीही थांबायला तयार नव्हतं. वायसर डावीकडून उजवीकडे, एकेका चेहऱ्यावरून सावकाश नजर फिरवत गेली. शाळेतल्या त्या दिवशी तिने वळून घाईने बघितलं होतं. आता तिला कसलीच घाई नव्हती. कंपाउंडर तिच्याशेजारी येऊन उभे राहिले, तर तिने त्यांना कोपराने जरा बाजूला सारलं, कारण ते मधे येत होते. ते मुकाट्याने सरले.

मग ती पडद्याच्या फटीकडे वळली. उघड्या अंगाने, काजळी फासलेला, पोळलेला हात बगलेत धरून बाप उभा होता. तिने भुवया उंचावल्या, पंजा आडवा केला आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. बंद का केलं होतंस?

उत्तर द्यायला मिस्त्रीकडे पुरेसे शब्द नव्हते. बायको लांब होती, आणि या वेळी त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. त्याने पोळलेला हात बगलेतून काढला, मूठ वळली आणि लेकीकडे बघत गोल गोल फिरवत राहिला.